येस्तरबाई आणि घंटेचे पैसे

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मिशनच्या शाळेत चौथी पास झाले, त्यानंतर टाक हातात धरला तो माहेरी खुशाली कळवण्यापुरता. ऱ्हस्वदीर्घ मला कधी साधलं नाही आणि ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरते. अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. ज्याच्या हाती ही वही पडेल त्यानं त्याबद्दल माफ करावं. बाकी कशाबद्दल मी माफी मागणार नाही.

लिहायचं कारण असं. गेल्या रविवारी आमच्या देवळात नव्या पाळकसाहेबांनी विश्वासावर उपदेश केला. त्यात त्यांनी येस्तरबाईंची गोष्ट सांगितली. म्हणाले, याच गावात एक विश्वासी परिचारिका होऊन गेली. एक धनगराची बाई अडली होती, गाडीभाड्याला पैसे नव्हते. बाईंनी गुडघे टेकले, डोळे मिटले, प्रार्थना केली, आणि उठून बघतात तो उशाशी पैसे. कुणी ठेवले ते आजवर कळलं नाही. आई आणि बाळ दोघं सुखरूप घरी आली. ख्रिस्ती माणसाचा विश्वास असा असावा.

सगळी मंडळी आमेन म्हणाली. पुढच्या बाकावर शमुवेल मास्तर होते, तेही आमेन म्हणाले. ते मंडळीचे खजिनदार. तेव्हाही होते, आजही आहेत. पैसे कुठून आले ते त्यांना रुपयाआण्यासकट ठाऊक आहे.

मी बायकांच्या बाजूला, मागं. अंगाची नुसती लाही होत होती. पण उठून बोलणं मला जन्मात जमलं नाही. चार माणसांत कुणी माझं नाव विचारलं तरी मी शेजारणीच्या तोंडाकडे बघते. येस्तरबाई असत्या तर त्यांना माझी गरज पडली नसती, पण त्या दोन वर्षांमागं नगरकडे वारल्या. म्हणून घरी आले, मुलीची वही घेतली आणि बसले.

गोष्ट खोटी आहे. बाळ वाचलं नव्हतं. पैसे उशाशी सापडले नव्हते. आणि येस्तरबाई डोळे मिटून प्रार्थना कधीच करत नसत.

आमचं गाव पौडाहून मुळशीला जाणाऱ्या रस्त्यावर. खाली भाताची खाचरं, वर डोंगर, डोंगरात धनगरांची वस्ती. ख्रिस्ती घरं अकरा. मिशनचा एका खोलीचा दवाखाना होता. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस येस्तरबाई. त्यांचं नाव एस्तेर, पण तशी जीभ गावात कुणाची वळली नाही. मूळ नगरकडच्या. नवरा ऐन तरुणपणी वारलेला, मूलबाळ नाही. उंच आणि हाडापेरानं मोठ्या. पायात टायरच्या वहाणा, त्याही पुरुषाच्या मापाच्या, कारण बायकांच्या वहाणेत त्यांचं पाऊल मावायचं नाही. चष्म्याची एक काडी मोडली होती तिथं जखम शिवायचा दोरा बांधलेला. गाणं म्हणायच्या तेव्हा सूर एकीकडे आणि त्या दुसरीकडे, पण आवाज सगळ्यांत मोठा.

मी दवाखाना झाडायला जात असे. बाळंतपणात पाणी तापवणं, कंदील धरणं एवढं माझ्याकडे असायचं. त्या वेळी येस्तरबाई देवाशी मोठ्यानं बोलत. हात कामात, नजर कामावर आणि तोंडानं चालू, "बापा, हितं लक्ष दे. मघापासनं हाका मारतीय." कचेरीतल्या झोपाळू शिपायाला बोलावं तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी छपराकडे बघितलं. नंतर धीर करून विचारलं, बाई, डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना चालते का? त्या म्हणाल्या, "आन् मिटल्यावर बाळ निसटलं तर? त्यानं मला धरायला ठेवलीय, शांते. झोपायला न्हाई."

विश्वासावर त्या कधी उपदेश करत नसत. फार झालं तर म्हणायच्या, पाऊस देव देतो, बांध आपण घालायचा. बांध न घालता जो आभाळाकडे बघत बसतो त्याला विश्वासी म्हणत नाहीत, आळशी म्हणतात. हे त्या देवळाच्या ओट्यावर बसून म्हणत आणि आमच्या त्या वेळच्या पाळकसाहेबांना ते लागत असे. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. मृदू बोलायचे. पण मृदू बोलूनही माणसाचा गळा दाबता येतो हे मला त्यांच्यामुळे कळलं.

एकदा बाहेरून एक उपदेशक आले. तीन दिवस सभा झाल्या. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, खरा विश्वास असेल त्याला औषध लागत नाही, घरात औषधाची बाटली ठेवणं म्हणजे देवावर संशय घेणं. आणा त्या बाटल्या इथं. बायका उठल्यासुद्धा. एक म्हातारी हिवतापाच्या गोळ्या पदरातून सोडायला लागली. येस्तरबाई दाराशी उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "साहेब, सकाळी माझ्याकडनं दाढंत लवंगतेलाचा बोळा भरून घेतलाय, तेवढा आधी काढा. मग म्हातारीच्या गोळ्या मागा."

उपदेशकांचा हात आपोआप गालाकडे गेला. म्हातारीनं गोळ्या परत पदराला बांधल्या. पाळकसाहेबांनी नंतर बाईंना घरी बोलावून, देवाच्या सेवकाचा पाणउतारा केला म्हणून अर्धा तास समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि निघताना विचारलं, दाढ कशी आहे त्यांची?

माझं पहिलं मूल अकरा दिवसांचं होऊन गेलं. जे करता येण्यासारखं होतं ते येस्तरबाईंनी केलं होतं. तिसऱ्या दिवशी मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. पाळकसाहेबांच्या पत्नीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, शांता, कुठं तरी विश्वासात कमी पडलीस बघ, आता तरी झडती घे स्वतःची. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला खरंच वाटायला लागलं की आपणच मारलं.

येस्तरबाई परसात बाळाचे कपडे धूत होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ओल्या हातांनी आत आल्या आणि म्हणाल्या, "देवाकडं काय पायली हाय विश्वास मापायला? हिच्या मापाला शीग न्हवती म्हणून त्यानं पोर उचललं? आसा देव आसंल तर मी तरी त्याच्या दारात कशाला उभी ऱ्हाईन?" बायका उठून गेल्या. संध्याकाळी कपडे वाळले तेव्हा बाईंनी घड्या घालून माझ्या मांडीवर ठेवले. तीन झबली, दोन टोपडी. मला रडू दिलं. 

आता ती पैशाची गोष्ट.

आमच्यात भात झोडून झालं की हंगामाचा सण असतो. जो तो आपल्या पिकातलं पहिलं देवाला आणतो. भाताच्या टोपल्या, भोपळे, कोंबडे, अंडी. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. एकच भोपळा चार वेळा विकला जातो. घेणारा पैसे देतो आणि भोपळा देवाला परत देतो, की पुन्हा बोली. बोली पुकारायचे शमुवेल मास्तर. एका अंड्याचे आठ आणे झाले तेव्हा येस्तरबाई म्हणाल्या होत्या, मास्तर, ह्यातनं मोर निघणार हाय का? त्या दिवशी मास्तरसुद्धा हसले होते.

त्या वर्षीचे पैसे घंटेसाठी होते. आमच्या देवळाला घंटा नव्हती, रुळाचा तुकडा टांगून त्यावर लोखंडी पहार मारावी लागायची. पलीकडच्या गावच्या मंडळीला घंटा होती आणि ते आमच्या मंडळीला सहन होत नव्हतं. एकशे बारा रुपये जमले. कुलपाचं कपाट गावात एक दवाखान्यातच, म्हणून पैशाचा डबा बाईंकडे ठेवला. बुधवारी मास्तर तो पौडाला नेऊन पोस्टात भरणार होते.

मंगळवारी सकाळी मी झाडत असताना बिरू धनगर आला. मागून चौघांनी घोंगडीची झोळी करून त्याच्या बायकोला, ठकूला, आणली. रविवारपासून अडली होती. मूल आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. येस्तरबाईंनी तपासलं आणि बाहेर येऊन हात धुतले. मला म्हणाल्या, हे माझ्या हातचं नाही, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आजच्या आज.

सकाळची एस.टी. गेली होती. चहाच्या टपरीशी कोळशाचा मालट्रक उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, नेतो, पण पोती उतरून बाईला जागा करावी लागेल, माझी खेप जाईल, तीस रुपये पडतील आणि ते आधी पडतील. बिरूच्या कनवटीला सहा आणे होते. तो म्हणाला, शेरडी हाय, ती न्या. ड्रायव्हर म्हणाला, शेरडीवर ट्रक चालतो का? येस्तरबाईंकडे महिनाअखेरचे चार रुपये होते. त्यांनी मला पाळकसाहेबांकडे पिटाळलं. सांग, हंगामाच्या पैशातले पन्नास द्या, माझ्या पगारातून फेडीन.

मी धावत गेले. पाळकसाहेब आणि मास्तर ओट्यावर घंटेच्या कंपनीचं किमतीचं पत्रक बघत बसले होते. मी खाली बघून कसंबसं सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, तो पैसा घंटेच्या नावानं वाहिलेला आहे, ठरावाशिवाय हात लावता येत नाही आणि सभा रविवारी. पाळकसाहेब अगदी मायेनं म्हणाले, "बाईंना म्हणावं, विश्वास ठेवा. आम्ही आत्ता इथं प्रार्थनेला बसतो." आणि खरंच, दोघंही माझ्यासमोर गुडघ्यावर बसले.

मी परत येऊन तसंच सांगितलं. येस्तरबाई म्हणाल्या, "बसू दे. त्यांचं गुडघं मोकळं हायत." आणि कपाट उघडलं.

माझ्यासमोर त्यांनी पन्नास रुपये मोजले. चिठ्ठी लिहिली, किती घेतले, कशाला घेतले, खाली सही, आणि ती डब्यात ठेवली. मला विचारलं, पाह्यलंस न्हवं? मी म्हटलं, व्हय.

ठकूला ट्रकात चढवताना तिच्या सासूनं बिरोबाचा धावा सुरू केला. बिरूनं ऐकून हात जोडले आणि झोळीचं टोक सुटायला लागलं. येस्तरबाई ओरडल्या, "बिरोबाला हाक मार, पर टोक सोडू नगं." हे टपरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. आमच्या लोकांनीही.

गुरुवारी त्या परत आल्या. ठकू जगली. मूल पोटातच गेलं होतं. तीस रुपये ट्रकचे, साडेसतरा औषधांचे. उरलेले अडीच रुपये आणि औषधाच्या दुकानाची पावती घेऊन बाई घरी न जाता आधी मास्तरांकडे गेल्या. त्यांना कुणी पकडलं नव्हतं; कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबरच पुण्याला गेली होती, बुधवारी डबा उघडलाच गेला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं.

रविवारी उपासनेनंतर सभा बसली. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, मंडळीच्या पैशाला परस्पर हात लावला गेला आहे, आम्हाला कुणी विचारलं असतं तर काही तोडगा काढला असता. येस्तरबाई म्हणाल्या, विचारलं होतं. मास्तर म्हणाले, कुणी विचारलं? पाळकसाहेब पुढ्यातल्या पवित्र शास्त्राची पानं नीट करत होते.

येस्तरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.  त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मला उभं राहावंच लागलं असतं. त्यांनी घेतलं नाही.

मग कुणी तरी बिरोबाचं काढलं. ख्रिस्ती बाईनं परक्या दैवताला हाक मारायला सांगितली. येस्तरबाई म्हणाल्या, झोळी सुटत होती, तेव्हा कुठल्या देवाचं नाव आहे ते बघायला मला सवड नव्हती. पाळकसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही. पैसा येतो जातो. प्रश्न विश्वासाचा आहे. देव वाट काढणार होता, तेवढा धीर तुम्हाला निघाला नाही. बाई, त्या वेळी तुमचा विश्वास कुठं होता?"

"ट्रकात होता, साहेब. ठकूच्या उशाशी बसला होता."

मागं कुणी तरी हसलं. पाळकसाहेबांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. ते म्हणाले, "विश्वास असता तर मूलही वाचलं असतं."

येस्तरबाईंनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग हळू म्हणाल्या, "त्या पोराचा हात मी धरला हुता. पुण्यापस्तोर. गार पडला तरी सोडला न्हाई. माझ्या विश्वासाला तुमी काय बी म्हणा, साहेब. त्या हाताला मधी आणू नगा."

तरीही ठराव झाला. त्यांनी सत्तेचाळीस रुपये आठ आणे फेडावे, मंडळीपुढे अविश्वासाची कबुली द्यावी, आणि दोन्ही होईपर्यंत त्यांना प्रभुभोजन बंद. प्रभुभोजन म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला ही शिक्षा लहान वाटेल. महिन्यातून एकदा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांनी मिळून घ्यायचा, आपण ख्रिस्ताचे आणि एकमेकांचे आहोत म्हणून. त्यातून काढणं म्हणजे ताटावरून उठवणं. आमच्या लोकांत बापाच्या मयताला गेलो नाही तरी चालतं, त्या मेजावरून कुणी उठवून घेत नाही. येस्तरबाई म्हणाल्या, पैसे घेतलेत, ते फेडीन, कबुली देणार नाही.

आता ऐका यांची लाज. आमच्याकडे द्राक्षं कुठली? शनिवारी मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून रस करायचा. ते काम येस्तरबाईंचं, कारण त्यांचे हात स्वच्छ. बाईंना मेजावरून उठवलं, पण रसाचं काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. ते हात रस करायला चालत होते. उपासनेनंतर पेले विसळायलाही चालत होते. त्या दाराजवळ शेवटच्या जागी बसत. भाकरीची थाळी बायकांच्या रांगेतून फिरत त्यांच्याकडे येई, त्या ती धरत आणि पुढच्या रांगेत देत. थाळी हातातून जायची, तुकडा तोंडात नाही. अडीच वर्षं मी हे बघितलं आणि माझा तुकडा गिळला. तो कसा गिळला ते माझं मला माहीत.

एका शनिवारी आम्ही दोघी मनुकांची देठं काढत बसलो होतो. मी एकदम म्हटलं, बाई, त्या दिवशी मी बोलले नाही. मला वाटलं, त्या म्हणतील, असू दे. त्या म्हणाल्या, "न्हाई बोललीस. खरं हाय." आणि आणखी एक मूठ मनुका माझ्यापुढे सरकवल्या. पुष्कळ वेळानं म्हणाल्या, देठं नीट काढ, रस कडू होतो.

पगार पस्तीस रुपये. त्यातले पंधरा नगरला आंधळ्या आईला. बाईंनी मास्तरांकडे महिन्याला दोन रुपये भरायला सुरुवात केली. चहा सोडला, गवती चहाची पात उकळून गुळाचा खडा तोंडात धरायच्या. पौडाला औषधं आणायला चालत जाऊ लागल्या. आई आजारी पडली ते सहा महिने हप्ता चुकला, तर मास्तरांनी उपासनेच्या सूचनांत वाचून दाखवलं. मधे नवे पैसे आले. मास्तरांनी वहीत आठ आण्याच्या जागी पन्नास नवे पैसे लिहिले आणि म्हणाले, बाई, तुमचं काही नुकसान झालं नाही, हिशेब बरोबर बसतो. जणू काही उपकार केला.

पुढच्या हंगामाच्या सणाला बिरू आणि ठकू डोंगरातून उतरले. बरोबर एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, काळी, कानावर पांढरा ठिपका. त्यांना कुठून तरी कळलं होतं. बिरू अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला, ही बाईच्या नावानं, बाईच्या अंगावरचं फिटू द्या. मंडळीला आनंद झाला. मास्तरांनी बोली पुकारली. पाठ बावीस रुपयांना गेली. आणि मास्तरांनी वहीत लिहिलं, एक पाठ, देणगी, बावीस रुपये, घंटेप्रीत्यर्थ. येस्तरबाईंच्या खात्यात एक पैसा नाही. का, तर देवाला वाहिलेलं देवाचं, ते माणसाच्या कर्जात वळवता येत नाही.

बिरूला हे दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "म्हंजी माझी शेरडी तुमच्या देवानं घेतली आन् बाईच्या नावावर धरली न्हाई?"

येस्तरबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "देवानं न्हाई रं. मास्तरनं."

त्या हंगामाच्या पैशातून घंटा आली. आवाज चांगला आहे. रविवारी ती वाजते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती काळी पाठ येते.

एकदा मी विचारलं, बाई, एवढं सगळं सोसून तुम्ही दर रविवारी येता, गाणी म्हणता, तुमचा विश्वास तुटत नाही का? त्या चष्म्याचा दोरा नव्यानं बांधत होत्या. म्हणाल्या, "मास्तरवर माझा विश्वास कधी न्हवताच. मग तुटंल कसा? ज्याच्यावर हाय त्यानं माझं काय वाकडं केलंय?" आणि दोरा दातानं तोडला. मला वाटतं, विश्वासावरचा एवढाच उपदेश मला कळला. आम्ही देवाला आणि देवळातल्या माणसांना एकाच गाठोड्यात बांधतो, आणि एक कुजलं की सगळं गाठोडं फेकतो. त्यांनी दोन गाठोडी वेगळी ठेवली होती आणि त्यांना कोणतं कशात आहे ते अंधारातही सापडायचं.

मग मिशननं त्यांची बदली नगरच्या बाजूला केली. जायच्या दिवशी मी त्यांची वळकटी घेऊन रस्त्यावर आले. सकाळची एस.टी. अजून यायची होती. इतक्यात शमुवेल मास्तर सायकलवर आले. कॅरिअरला पावतीबुक बांधलेलं आणि खिशात एक लिफाफा. आमच्यात एका मंडळीतून दुसरीत जाताना पाळकाचं पत्र न्यावं लागतं. ते असलं तर नवी मंडळी मेजावर घेते. पाळकसाहेबांनी पत्र दिलं होतं. बाईंनी ते उघडून मोठ्यानं वाचलं, माझ्यासाठी. सदर भगिनीनं अविश्वासाची कबुली दिल्यास तिला प्रभुभोजनास बसू द्यावं.

मास्तर सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाले, "एक ओळ इथंच लिहून द्या, बाई. मी साहेबांना सांगून दुसरं पत्र आणतो. गाडीला वेळ आहे."

येस्तरबाईंनी पत्राची होती तशी घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. "कागद जाड हाय. घंटेच्या दोरीला गुंडाळा, वढताना हाताला काचणार न्हाई."

तिकडच्या मंडळीनं त्यांना पत्राशिवाय घेतलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारायला पत्र लिहिलं नाही. माझ्या अक्षराची लाज वाटली. त्याचीही आता चीड येते.

बाईंनी पदराची गाठ सोडली. शेवटचा हप्ता दीड रुपयाचा होता. एक रुपया बंदा आणि बाकीची मोड, नव्या पैशांची. मास्तरांनी सायकल झाडाला टेकवली, नाणी तळहातावर घेऊन मोजली, मग बोटानं एकेक सरकवत पुन्हा मोजली. बाई शेजारी उभ्या राहून शांतपणे बघत होत्या, एखाद्या तोळामासा पोराची नाडी मोजताना बघायच्या तशा. मास्तर म्हणाले, बरोबर आहेत. सीटवर पावतीबुक ठेवून त्यांनी लिहिलं आणि कागद फाडून दिला.

येस्तरबाईंनी तो चष्म्याजवळ धरून वाचला, एक रुपया पन्नास नवे पैसे मिळाले. वळणावर एस.टी. दिसायला लागली होती. मी वळकटी उचलली. बाई हलल्या नाहीत. पावती मास्तरांच्या पुढे परत धरली.

"नुस्ते मिळाले न्हाई, मास्तर. सत्तेचाळीस रुपये पन्नास नवे पैसे, समदे मिळाले, आसं लिवा."

मास्तरांनी टाक पुन्हा काढला आणि तसं लिहिलं.